खिडकीची सीट

आमच्या देवगड तालुक्यातून अमेरिकेला जाणाऱ्या माणसांत माझ्या पाहण्यातला सगळ्यात मोठा वर्ग म्हणजे लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आया. आयटीवाली मुलं पुण्या-मुंबईहून परस्पर जातात, त्यांचा गावाशी संबंध मे महिन्यापुरता. या बाया मात्र इथून निघतात, घराला कुलूप घालून, गाय शेजाऱ्यांच्या स्वाधीन करून. माझं बाजारात मेडिकल आहे, त्यामुळे निघायच्या आधी त्या माझ्याकडे येतातच. सहा महिन्यांच्या बीपीच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, उलटीची, पित्ताची, बामच्या दोन बाटल्या. बॅगेत काय काय भरलंय ते मी न विचारता ऐकायला मिळतं: कुळथाचं पीठ, आमसुलं, अळीव, डिंक, बाळंतशेपा, आणि तीन-तीन पिशव्यांत बांधलेला मसाला, वास बाहेर आला तर तिकडचे लोक काय म्हणतील म्हणून.

पायांसाठी कुणी काही मागत नाही, लांबच्या प्रवासात बसून बसून पायात रक्ताची गुठळी होऊ शकते हे कुणाच्या गावीही नसतं. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या माझ्या मामीनेही मागितलं नव्हतं.

मामी सत्तरीला टेकलेली. तिचं घर घाटीच्या वर आणि विहीर, माड, पोफळी खाली. दिवसातून कितीदा तरी ती जांभ्याच्या पायऱ्या चढते-उतरते. आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला बसली की दोन तास उकिडवी, आणि उठताना जमिनीला हात लावायचा नाही. अशा बाईच्या पायांना बसून काही होईल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि येण्यासारखंही नव्हतं.

परतताना जावयाने कौतुकाने खिडकीची सीट घेऊन दिली, सासूबाईंना ढग दिसावेत म्हणून. न्यूयॉर्कहून आखातापर्यंत बारा-तेरा तास. मामी आणि चालायची वाट यांच्या मध्ये दोन माणसं, त्यातला कडेचा विमान सुटल्या सुटल्या घोरायला लागलेला. मी नंतर विचारलं, मामी, तू उठलीस किती वेळा? ती म्हणाली, "दोन दोन माणसां आडवी. तेंका उठवचा कसा? आणि इंग्लिशीत काय म्हणान सांगू?" बरं, पाणी? "पाणी कित्या पिवचा? पियालंय तर जावक लागतला." संडासाचं दार कसं उघडतं ते जाताना तिला नीट कळलं नव्हतं. तिने सरळ हिशेब केला: पाणी नाही, म्हणजे उठणं नाही, म्हणजे कुणाला त्रास नाही. मांडीवर ब्लँकेट, पायाशी ठेवलेली पिशवी, आणि गुडघे दुमडून ती बसून राहिली, देवळात कीर्तनाला बसते तशी, अगदी शहाण्यासारखी.

मध्ये विमान बदलायचं होतं. तिथे तिला व्हीलचेअर होती. पुढचं विमान, मग मुंबई. पहाटे उतरली तर भाचा गाडी घेऊन हजर, आणि गाडी थेट गावाकडे. मागच्या सीटवर बॅगा रचल्या होत्या, उरलेल्या फटीत मामी. माणगाव-लोणेऱ्याची कोंडी तिने बसून काढली. नांदगाव तिठ्यावर वळेपर्यंत दिवस मावळला होता. परदेशातून येणाऱ्या कोकणी माणसाचा प्रवास मुंबईला संपत नाही, तिथून पुढे पाचशेएक किलोमीटर उरलेले असतात. शरीराच्या हिशेबात ही एकच बैठक. विमान आणि गाडी अशी दोन खाती ते ठेवत नाही.

आठवडाभराने डावा पाय जड वाटायला लागला. त्या पायातलं जोडवं रुतू लागलं. शेजारच्या काकींनी निदान केलं, "वात धरलो हा, दुसरां काय नाय." निर्गुडीचा पाला तापवून शेक झाला. मग दोन संध्याकाळ खोबरेल तेल कोमट करून पोटरी चांगली रगडून झाली. आमच्याकडे पाय दुखला की तो चोळायचा असतो, थोरल्यांचे पाय चेपण्यात तर पुण्य असतं. मामीला बरंही वाटलं थोडं.

गावातल्या डॉक्टरांकडे तिला नेलं तेव्हा मी बरोबर होते. त्यांनी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघितले, नुसते बघितले, बराच वेळ. डावा किंचित लाल आणि हाताला गरम. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर खळगा तसाच राहिला. मग त्यांनी कंपाउंडरला शेजारच्या टेलरकडे पिटाळून मापाची टेप आणवली. गुडघ्याखाली हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथून खाली 10 सेंटिमीटरवर पेनाने खूण केली, दोन्ही पायांना. त्या खुणेवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर घेतला. फरक 3 सेंटिमीटरच्या वर भरला. तेव्हा त्यांनी विचारलं, "गेल्या महिन्याभरात लांबचा प्रवास?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "पाय चोळलात काय?" आम्ही हो म्हटल्यावर ते मामीला काही बोलले नाहीत, माझ्याकडे मात्र असं बघितलं की मला माझी डी. फार्म.ची सनद आठवली. कणकवलीला डॉपलर सोनोग्राफी झाली. पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती.

डॉपलर करणाऱ्या डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं ते मी विसरणार नाही. शीर आडवी कापल्यासारखी दिसते, काळ्या गोल भोकासारखी. वरून मशीनचा दांडा दाबला की चांगली शीर मिटते आणि सोडला की उघडते. मामीची शीर दाबली तरी मिटेना. आत काहीतरी होतं, म्हणून मिटत नव्हती. तपासणीचं मर्म एवढंच, रंगीत चित्रं नंतरची.

हृदय रक्त खाली पाठवतं, पण पायातलं रक्त वर आणायला त्याचा फारसा जोर पोचत नाही. ते काम पोटरीचं. आपण पाऊल उचललं की पोटरीचा स्नायू आवळतो आणि आतल्या खोल शिरांना पिळतो. रक्त वर चढतं. शिरांत जागोजागी झडपा असतात, त्या चढलेलं रक्त पुन्हा खाली येऊ देत नाहीत. वाडीतल्या रहाटासारखं आहे हे, फिरतोय तोवर लोटे भरून वर येतात, थांबला की थांबलं. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसलं की शिरांत रक्त साचून मंदावतं. मंदावलेलं रक्त गोठायला बघतं. गुठळी पायात राहिली तर सूज आणि दुखणं. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकला तर मात्र जिवाशी गाठ. सुजलेली पोटरी रगडू नये ती यासाठी.

नुसतं बसणं सहसा पुरं पडत नाही. 19 व्या शतकातल्या रुडॉल्फ फिर्खो या जर्मन वैद्यकतज्ज्ञाच्या नावाने तीन कारणं अजून शिकवली जातात: रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा, आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल. पहिलं कारण सीट पुरवते. बाकीची दोन माणूस आपल्याबरोबर घेऊन चढतो. नुकतंच झालेलं ऑपरेशन, विशेषतः खुब्याचं किंवा गुडघ्याचं, कॅन्सर, पूर्वी कधी झालेली गुठळी किंवा घरात कुणाला झालेली, लठ्ठपणा, पाळी पुढे ढकलायच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्यांतले काही प्रकार, गरोदरपण, वाढतं वय. आणि उंची, हे वाचून मला गंमत वाटली होती. फार उंच माणसांना धोका जास्त हे समजतं, पण 160 सेंटिमीटरपेक्षा बुटक्यांनाही विमानात तो वाढलेला आढळला आहे. सीटची कड त्यांच्या गुडघ्यामागे रुतते आणि पाय जमिनीला नीट टेकत नाहीत. आमच्याकडच्या बहुतेक आया या मापात बसतात. मामी तर खासच.

सीटच्या कडेची ही गोष्ट विमानांहून जुनी आहे. 1940 साली लंडनवर जर्मन बाँब पडत होते तेव्हा लोक रात्र-रात्र तळघरांतल्या निवाऱ्यांत बसून काढत. कीथ सिम्प्सन हे तिथले शवविच्छेदन करणारे डॉक्टर. निवाऱ्यांतली काही माणसं बाँब न लागताच मरताहेत, फुप्फुसात गुठळी अडकून, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्याच वर्षी ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. ही माणसं कापडी घडीच्या खुर्च्यांत बसून झोपलेली असत, आणि खुर्चीचा पुढचा आडवा लाकडी दांडा मांडीच्या मागच्या शिरा दाबत असे. कोकणातल्या कुठल्याही जुन्या घरी पडवीत पडलेली आरामखुर्ची बघा, तोच दांडा. आमचे आजोबा तिच्यात दुपारभर पडायचे, पण त्यांना दर अर्ध्या तासाने तपकिरीची डबी शोधायला उठावं लागे. तपकिरीचा हा एकच फायदा मला ठाऊक आहे.

पुढे 1954 साली बोस्टनचे सर्जन जॉन होमन्स यांनी नुसत्या लांब बैठकीने पायात गुठळी झालेल्या रुग्णांची हकिगत छापली. त्यात विमानातून आलेले होते, मोटारीने लांबचा प्रवास केलेले होते, आणि नाटक बघायला बसलेलाही एक होता. दशावतार रात्रभर बघणारे आम्ही लोक. पण तिथे खाली चटईवर मांडी बदलता येते, मध्येच चहाला उठता येतं, आणि संकासुर आला की पोरं उभीच राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर मोठा अभ्यास हाती घेतला, त्याचे निष्कर्ष 2007 साली आले. चार तासांहून जास्त वेळ न हलता प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. दुप्पट म्हटल्यावर धसका बसतो, पण मूळ आकडा लहान आहे: चार तासांपेक्षा लांबच्या विमानप्रवासात अंदाजे 6000 प्रवाशांत एक. त्या अहवालातली दुसरी गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. हा धोका विमानापुरता नाही, बस, मोटार, रेल्वे, कशातही तेवढंच निपचित बसलं तर तो येतो. विमानातली हवा 6000 ते 8000 फुटांवरच्या हवेइतकी विरळ आणि ओलावा 20 टक्क्यांच्या खाली, हे खरं. पण मुख्य दोष बसण्याचा. भरपूर पैसे मोजून पुढच्या ऐसपैस सीटवर झोपून जाणाराही न हलल्यास सुटत नाही. उलट आमच्या सिंधुदुर्गातलं चिपीचं विमानतळ 2021 साली सुरू झालं, तेव्हा तिथून मुंबईचं विमान सव्वा तासाच्या आसपास घेई. एवढ्या वेळात पायांची चिंता करायचं कारण नाही. कोकण रेल्वेतही माणूस डब्यातून फिरतो, दाराशी उभा राहून येणारी-जाणारी स्टेशनं मोजतो. गाडी रखडली तरी पाय रखडत नाहीत.

व्हीलचेअरबद्दल थोडं कडू बोलते. गुडघे गेलेल्यांना ती हवीच, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मुंबईच्या विमानतळावर रात्री व्हीलचेअरच्या रांगेत बसलेल्या किती आज्या खरोखर चालू न शकणाऱ्या असतात? भाषेची भीती, फॉर्म भरायची भीती, गेट चुकायची भीती. मुलं तिकडून तिकिटाबरोबरच खुर्ची सांगून ठेवतात. भीतीवर तो उपाय चांगला आहे, नाही कशी म्हणू. पण दोन विमानांच्या मध्ये जो अर्धा-पाऊण किलोमीटर चालायला मिळाला असता, नेमका तोच हिरावला जातो. ढकलणाऱ्या माणसाला वाट दाखवायला पुढे चालू दे आणि बॅग खुर्चीवर ठेव, आपण बाजूने चाल, एवढं सांगितलं तरी पुरे.

पाण्याचंही असंच. भरपूर पाणी प्याल्याने गुठळी टळते असं ठाम सिद्ध झालेलं नाही, पण ते प्यावं, कारण ते माणसाला उठवतं. मामीने जे टाळायला पाणी सोडलं, तेच तर हवं होतं. आणि कडेची सीट. खिडकीत बसणारे कमी उठतात, साधी गोष्ट आहे. उठता येत नसेल तेव्हा बसल्या जागी टाच टेकवून चवडा वर, मग चवडा टेकवून टाच वर, पोटरीला ताण जाणवेपर्यंत, दर तासाला दहा-पंधरा वेळा. पायावर पाय टाकू नये. पायाशी पिशवी ठेवू नये, लाडवांची असली तरी. झोपेची गोळी घेऊन आठ तास एका कुशीत पडू नये. दुकानात ती गोळी मागणारे असतात, चिठ्ठीशिवाय मी देत नाही, त्यावरून दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत.

त्याहून जास्त मागणी असते ती 'रक्त पातळ करायच्या छोट्या गोळी'ची, म्हणजे ॲस्पिरिनची. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं असतं. नुसत्या प्रवासासाठी म्हणून ॲस्पिरिन घ्यावी असं वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. पोटात रक्तस्राव व्हायचा धोका तिला स्वतःचा आहे. ज्याला खरोखर औषधाची गरज आहे, आधी गुठळी झालेला किंवा नुकतं ऑपरेशन झालेला, त्याचा निर्णय डॉक्टरने करायचा असतो, मेडिकलच्या काउंटरवर होत नाही.

मोज्यांबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. गुडघ्याखालपर्यंतचे, घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे दाबाचे मोजे. वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने विमानप्रवाशांवर झालेल्या या मोज्यांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. 2600 हून अधिक प्रवासी, त्यातल्या 50 जणांच्या पायात तपासणीत गुठळी सापडली, बाहेरून लक्षण काही नसलेली. या 50 पैकी मोजे घातलेले 3 आणि न घातलेले 47. औषधधंद्यात इतका स्वच्छ आकडा फार वेळा हाती लागत नाही. पण मोजा मापाचा हवा. माप सकाळी उठल्या उठल्या घ्यायचं, पाय उतरलेला असताना, घोट्याचं आणि पोटरीचं वेगळं. सैल घेतला तर फुकट. वरची कड गुंडाळली गेली तर तीच दोरीसारखी आवळते. आणि पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील, चालताना पोटऱ्या भरून येत असतील, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हे मोजे घालायचे नाहीत. बायका किंमत ऐकून परत ठेवतात. "साडीखाली कोण बघता?" असं एकीने विचारलं. तिला मोजा दिसायची काळजी होती की न दिसायची, मला अजून कळलेलं नाही.

बाळंतपणाला जाणाऱ्या आईच्या बाबतीत आणखी एक बाजू आहे. ती ज्या लेकीची काळजी घ्यायला जाते, त्या लेकीला गुठळीचा धोका गरोदरपणात वाढलेला असतो आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त, सिझेरियन असेल तर आणखी. आणि आपला सव्वा महिना म्हणजे बाळंतिणीने अंथरुणातून पाय खाली ठेवायचा नाही. तिकडच्या नर्सेस तिला लवकरात लवकर चालायला लावतात, आई त्यांच्यावर चिडते. मामीही चिडली होती. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं होऊ दे. पण त्या मुलीला घरातल्या घरात चालूही दे.

मामीचं निभावलं. आधी इंजेक्शनं, मग तीन महिने गोळ्या. जुन्या गोळ्यांना पालेभाजी सांभाळावी लागे, रक्त सारखं तपासावं लागे. तिला दिलेल्या नव्या प्रकारात तसं नव्हतं, त्यामुळे माठ आणि शेवग्याचा पाला चालू राहिला. फक्त दाढ काढायच्या आधी सांग, पडलीस-झडलीस तर सांग, आणि डोकं दुखतंय म्हणून मनाने पेनकिलर घेऊ नको, एवढं मी तिला गोळ्यांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

गुठळी प्रवासानंतर दोन-तीन आठवड्यांनीही उगवते, म्हणून ती गावी ओळखू येत नाही. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, कातडी गरम. किंवा एकदम दम लागणं, खोल श्वास घेतला की छातीत कळ, खोकल्यात रक्त, घेरी. हे गॅस म्हणून, दमा म्हणून, वात म्हणून खपून जातं, कारण मागच्या महिन्यातलं विमान कुणी डॉक्टरला सांगतच नाही. एका पायाची सूज दिसली तर त्याच दिवशी दाखवा. दम लागला तर पडवीत बसून वाट बघू नका, गाडी काढा.

गणपतीसाठी आमच्या वाडीची मुंबईहून बस ठरते. ती ठरवणाऱ्या भावोजींना मी म्हटलं, दर दोन तासांनी दहा मिनिटं थांबवा, म्हाताऱ्यांना खाली उतरवा. ते म्हणाले, "वहिनी, एकदा बस थांबली काय माणसां गोळा करूक अर्धो तास जाता. कोण वडो खाता, कोण फोनार आसता." त्यांचंही खोटं नाही, रात्रभरात सहा थांबे म्हणजे तीन तास गेले, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी हायवेवर तीन तासांची किंमत काय हे मला सांगायला नको. वडखळ, महाड, चिपळूण, हातखंबा असे चार थांबे देतो म्हणाले. मी पाच मागितलेत. राजापूरच्या थांब्यावरून अजून बोलणी चालू आहेत.